बहुरूप्याचा फोटो

बऱ्हाणपूर म्हटलं की मुमताज महल आठवते. १६३१ सालच्या जूनमध्ये चौदाव्या बाळंतपणात ती इथे वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत काही महिने तापीपलीकडच्या जैनाबादेत तिचं दफन होतं. शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी बघायला म्हणून मी गेलो होतो. पण कॅमेऱ्यात जास्त जागा अडवून बसलाय तो बाजारात भेटलेला एक मारुती!

शेपूट कमरेला दोरीनं बांधलेलं, फुगीर गालांचा मुखवटा, चंदेरी कागद लावलेली गदा. त्याला बघताच चार पोरं मोबाइल काढून धावली. मारुतीनं गदा खांद्यावर घेतली, एक गुडघा वाकवला. फोटो झाले, पोरं पसार. मी रेंगाळलो. मग त्यानं मुखवटा कपाळावर सरकवला, घाम पुसला आणि हात जोडून म्हणाला, "बहुरूपी आहे साहेब." खानदेश लागूनच असल्यानं तिथं मराठी कानावर पडतं, तरी ते वाक्य ऐकून बरं वाटलं.

हे हात जोडणं म्हणजेच खरा बहुरूपी. आधी फसवायचं, मग आपणच सोंग उघडं करायचं आणि तेव्हा बिदागी मागायची. जुन्या रीतीप्रमाणे गावात मुक्काम टाकून रोज नवं सोंग आणायचं आणि शेवटच्या दिवशी दारोदार जाऊन मागायचं. आपल्याकडचा रायरंद पोलीस होऊन दारात दरडावतो आणि घरातली माणसं घाबरली की भलत्याच लग्नाचं आमंत्रण देऊन हसवतो. ओळख पटली की पैसे. ओळख पटण्याआधी घेतले तर ती लबाडी झाली.

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं. तिथं मिकी माऊसबरोबर फोटो काढायला रांगा लागतात. पण मिकीनं लोकांसमोर डोकं काढायचं नाही, हा तिथला दंडक. मुलांचा भ्रम मोडू नये म्हणून. आतला माणूस पगारी. त्याला ओळख देण्याची गरज नाही. बहुरूप्याचं उलटं आहे. मुखवटा उतरला नाही तर त्याची चूल पेटत नाही.

आणि मोबाइल नेमका मुखवट्यापाशीच थांबतो. फोटो मिळाला की आपलं काम झालं, पुढचा नमस्कार बघायला कोण थांबतो? म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. महाराष्ट्रात बहुरूप्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. २०२४ साली भिलवाड्याच्या जानकीलाल या बहुरूप्याला पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट. तरी बाजारातल्या मारुतीला चहापुरते पैसे कोण देतं, हा प्रश्न आहेच.

आपण गोवेकर फार वेगळे आहोत असं नाही. दशावतारी काल्यात आडदशावतार चालू असतो, काळ्या वेषातला संकासूर भटजीची टर उडवतो, तेव्हा पुढच्या रांगेत मोबाइलांचा उजेडच उजेड. (मागे बसलेल्यांना संकासूर दिसतो तो पुढच्याच्या स्क्रीनवर.) संकासूर मेला की निम्मी माणसं उठतात. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' हे आपण कौतुकानं ऐकवतो, पण तो बोजा उचलताना पाहिलेली माणसं किती निघतील? पहाटे राजा खोबरेल तेलानं तोंडावरचा रंग पुसतो, मुकुट पेटाऱ्यात ठेवतो आणि कोणाकडे तरी चहा मागतो. रंग अर्धा उतरलेला, एक भुवई अजून राजाची.

यंदा आमच्या देवळातल्या काल्याला पहाटेपर्यंत बसायचं ठरवलंय. राजानं परवानगी दिली तर त्या भुवईचा फोटो काढीन. चहा मात्र आधी.