भरतीच्या वेळेने जायचं रान

उमेळ्याच्या मिठागरांच्या बांधावर उभं राहिलं की पूर्वेला रुळांपलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो आणि दक्षिणेला तिवरांच्या पट्ट्याआड वसईची खाडी असते. डोंगरावर लोक श्रावणी सोमवारी जातात, देवाला. खाडी बहुतेकांना लोकलच्या दारातून दिसते, नायगाव-भाईंदरच्या मधल्या पुलावरून, चार मिनिटं. डोंगर आणि खाडी मिळून हे एकच रान आहे, हे मात्र होडीत बसल्याशिवाय ध्यानात येत नाही.

होडी काढायची तर आधी तिथी बघावी लागते. किनाऱ्यावरची जाणती माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी थेट बांधाला भिडतं आणि सुकतीला तितक्याच जोराने ओढून नेतं. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, तेव्हा पाण्याला ओढ कमी. नवख्याने भांगालाच निघावं. कॅनडातल्या अल्गॉन्क्विन उद्यानात माणसं होडी खांद्यावर घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात, तिथे तंबू ठोकतात. इथे होडीतून उतरायची सोयच नाही, चिखल मांडीपर्यंत घेतो. भरतीबरोबर आत जायचं, पाणी फिरलं की सुकतीबरोबर बाहेर यायचं. घाई असलेल्या माणसाला ही खाडी काही देत नाही.

पाणजू बेट मागे पडतं. या बेटावरच्या लोकांचं रोजचं जाणं-येणं नायगावच्या धक्क्यावरून होडीनेच चालत आलं आहे. डोक्यावरून मात्र दिवसभर गाड्या धडधडत जातात. पुलाखालून होडी पुढे सरकली की तो आवाज हळूहळू विरतो आणि वल्ह्याचा आवाज ऐकू यायला लागतो. काठ जवळ घेतला तर तिवराची मुळं चिखलातून वर बोट बोट डोकावताना दिसतात. झाडाला चिखलात हवा मिळत नाही म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. तिवराचं एक पान खुडून मागच्या बाजूने जिभेला लावून बघा: खारट. नको असलेलं मीठ झाड पानावाटे बाहेर टाकतं. खाली निवटी चिखलावरून उड्या मारत असतात, दोन्ही डोळे डोक्यावर, कल्ल्यांत पाणी धरून. होडीची सावली पडली की सगळ्या क्षणात बिळात. मग थांबायचं, वल्हं वर घ्यायचं, बोलायचं नाही. थोड्या वेळाने एक बाहेर येते, मग दुसरी. मला या खाडीतली ही थांबण्याची वेळ सगळ्यात मोलाची वाटते.

घोडबंदरजवळ महामार्गाचा पूल लागतो. तो ओलांडला की दोन्ही काठ बदलतात. उजव्या हाताला नागला बंदर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा खाडीला टेकलेला तुकडा. डाव्या हाताला कामणचे डोंगर, त्यांच्यामागे तुंगारेश्वर अभयारण्य. ते 2003 मध्ये जाहीर झालं; क्षेत्र सुमारे 85 चौरस किलोमीटर.

या दोन काठांमधला रस्ता एका बिबट्याने जगाला दाखवून दिला. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नराला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला ‘आजोबा’ म्हटलं. आजोबा महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला. वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून आला, रूळ ओलांडले, आणि हीच खाडी पोहून नागल्याच्या जंगलात शिरला. 2011 मध्ये रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून तो गेला. खाडी त्याला अडवू शकली नाही, डांबराने अडवलं. या पाण्यातून जाताना मला दर वेळी तो आठवतो.

डोंगर चढायचा तर खाडीकडून कामणदुर्ग आहे. किल्ला म्हणावा असं वर फार उरलेलं नाही. खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत, आणि ती चढण हिवाळ्यातसुद्धा घाम काढते. पण वरून खाडीचं सगळं वळण एका दमात दिसतं, आणि दोन्ही जंगलांमध्ये किती थोडं पाणी आहे आणि किती जास्त सिमेंट, तेही दिसतं. अभयारण्यात शिरायला वन खात्याची परवानगी लागते. रात्र पायथ्याच्या गावात, कुणाच्या तरी पडवीत काढावी. चूल विझली की एका अंगाला डोंगर काळामिट्ट आणि दुसऱ्या अंगाला भाईंदरचा उजेड. दोन्हींच्या मधे पडून राहिलं की झोप उशिरा येते, आणि ती उशिरा यावी असंच वाटतं.

खाडी आणि डोंगर यांच्यामधली ही वाट सलग राहिली पाहिजे. नवे रस्ते आणि रूळ आखताना जनावराला खालून जायला जागा ठेवा, आणि तिवरांवर भराव टाकणं थांबवा. तुम्ही आलात तर गावातला नावाडी सोबत घ्या, त्याला त्याचे पैसे पुरते द्या, भांग बघून निघा आणि आणलेली प्रत्येक पिशवी परत घेऊन जा.