वजाबाकी

दशलक्षण पर्वाचा सहावा दिवस. सासूबाईंचे उपवास चालू होते. रात्री लेक लॅपटॉपवर लिनक्सचं कर्नल दाखवत होती.

"आई, इंटेलची चिप किती तापलीय ते सांगतच नाही गं. मर्यादेला किती अंश उरलेत, एवढंच सांगते. मर्यादा शंभर आणि उरले 42, तर कर्नल वजाबाकी करून 58 काढतं."

आकडा मात्र हजारपट, 58000! आधी माझ्या छातीत धस्सच झालं.

आत जाऊन सासूबाईंना विचारलं, "कसं वाटतंय?"

"अजून चार दिवस सहज निघतील गं."

उरलेलंच सांगतात त्यासुद्धा. कपाळाला हात लावला तर चटका बसला. "उद्या पारणं करूया का?" म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रात्रभर मी उशाशीच बसून राहिले.