दहा दाण्यांचा हिशेब

दहावी झालो तेव्हा मला सरासरी काढता येत होती. बेरीज करायची, भागायचं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. ती कशाला काढायची, हे कुणी सांगितलं नाही अन् मीही विचारलं नाही.

त्याची किंमत एका मिरगात मोजली. घरचंच सोयाबीनचं बी. पोत्याच्या तोंडाशी हात घालून दहा दाणे घेतले, ओल्या फडक्यात गुंडाळले. नऊ उगवले. म्हटलं, बी सोन्यासारखं हाय. पेरलं, तर तासंच्या तासं मोकळी. दुबार पेरणीला मेहुण्यापुढं हात पसरावा लागला.

यंदा एप्रिलात परीक्षा आटपल्यावर गावच्या शाळेतल्या बाईंनी सांगावा धाडला, "काका, तुमचं बी आणा, पोरं तपासतील." चौथीची वीस पोरं. प्रत्येकाला दहा दाणे अन् एक ओलं फडकं. सातव्या दिवशी मोजणी झाली. एका पोराचे दहाच्या दहा उगवलेले. ते नाचायलाच लागलं. एका पोरीचे चारच. तिचे डोळे भरले. "बाई, माझंच काही चुकलं का?"

बाईंनी फळ्यावर शून्य ते दहा आकडे मांडले. ज्याचे जितके उगवले, त्या आकड्यावर त्यानं एक फुली मारायची. चारावर एक फुली, दहावर एक; सहा-सातावर मात्र फुल्यांची उतरंड.

"आता सांगा, काकांनी कुणाचं ऐकायचं?"

पोरं आधी भांडली. मग कुणीतरी म्हणालं, "समद्यांचं!" बेरीज केली. 200 दाण्यांत 132 उगवले, म्हणजे शंभरात 66. सोयाबीनची उगवण शंभरात 70 असली तर एकरी 30 किलो बी लागतं. आमची कमी भरली, म्हणून 32 किलो धरायचं ठरलं.

मी निघालो, तर ती चार दाणेवाली पोरगी आडवी आली.

"आबा, तुमची पोती किती?"

"चार."

"मग हे बी कोणत्या पोत्यातलं?"

मी गप्प. याही वेळी एकाच पोत्याच्या तोंडचं नेलं होतं.

घरी येऊन चारही पोती ओसरीवर उपडी केली. एकाच्या तळाला ओल लागून बी काळं पडलेलं. ते पोतं बाजूला काढलं. उरलेल्या तिन्हींतलं वरचं, मधलं, तळाचं बी मिसळून सकाळी शाळेत गेलो. पोरांनी फडकी आधीच भिजवून ठेवली होती.