बांधीतली मेंढरं

९ जानेवारी
बोदलकसा तलाव सकाळी धुक्यात गडप होता. बदकांचा आवाज तेवढा येत होता. धान निघालेल्या बांधीत खतासाठी मेंढरं बसवली आहेत. परवाच्या पावसात कळपाने रात्र ओल्यावरच काढली. मेंढपाळ आजोबा म्हणाले, "दोन दिस झाले जी, सहा खोकतात. एक तं खातच नाही." तिचा ताप १०६ फॅरनहाइट, श्वास मिनिटाला साठच्या वर. तोंडात फोड नाहीत, हगवण नाही, पीपीआर रोगाची लस झालेली. संशय मॅनहायमियावर. हा जंतू एरवी नाका-घशात गप्प असतो. थंडी-ओलीने जनावर खचलं की फुप्फुसात उतरतो. खोकणाऱ्या सहा आणि धडधाकट दिसणाऱ्या दोन, अशा आठ जणींचं रक्त घेतलं. मग सहा जणींना ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचलं.

१० जानेवारी
सवयीने ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) लावला आणि स्वतःवरच हसलो. मेंढीच्या तांबड्या पेशी अगदी लहान, एकमेकींना चिकटून त्यांची चळत होत नाही, म्हणून त्या खाली बसतच नाहीत. आठही नळ्या सारख्याच. दाह दाखवणारं सीआरपी हे प्रथिन तर माणसात कामाचं. १९३० साली न्यूमोनियाच्याच रुग्णांत सापडलेलं. मेंढीत पाहायचं ते हॅप्टोग्लोबिन: निरोगी असताना जवळपास नसतंच, दाह झाला की यकृत ते भराभर ओततं. ती सोय इथे नाही.

फायब्रिनोजेन मात्र जमतं. प्लाझ्मातलं प्रथिन मोजायचं, दुसरी नळी ५६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन मिनिटं ठेवायची. फायब्रिनोजेन साकळतं. नळी फिरवून पुन्हा मोजायचं. घट झाली तेवढं ते. निरोगी मेंढीत डेसिलिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत. खोकणाऱ्या सगळ्या ७०० च्या वर. आणि धडधाकटांतली एक, ८००!

न खाणारीच्या पांढऱ्या पेशी ५,०००, म्हणजे आकडा चांगला. काच पाहिली तर निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, त्यातही कच्चेच फार. मेंढीत एरवी लिम्फोसाइट जास्त असतात. पक्के शिपाई संपले, मज्जा पोरांना लढायला धाडतेय. नुसता आकडा वाचला असता तर फसलो असतो.

११ जानेवारी
ती रात्रीच गेली. बांधावरच उघडली. फुप्फुसाचा पुढचा-खालचा भाग यकृतासारखा घट्ट. तुकडा पाण्यात टाकला, बुडाला. वर पिवळट पापुद्रा, बोटाने सोलून निघणारा. काल नळीच्या तळाशी जे पांढुरकं बसलं, त्याचंच हे फायब्रिन. आकडा असा हाताला लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

८०० वालीला धरली. "हिला का झालं जी? ही तं चरते," आजोबा कुरकुरले. उजव्या छातीत खाली खरखर होती. तिलाही टोचलं.

१६ जानेवारी
सहाही जणी चरतात. फायब्रिनोजेन उतरलं, एकीचं अजून ६००. व्यापारी भाव विचारून गेला. सहा जणींच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढून दिला. औषधाच्या बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत त्या कापायला जाणार नाहीत, असं आजोबांनी कबूल केलंय.