सहा नंबरचा टॅपेट

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगर, सणसर, लासुर्णे अशी गावे मागे पडतात आणि जंक्शनला वालचंदनगरचा फाटा लागतो. त्या फाट्यापाशी आमचे वडील हटकून एक वाक्य बोलत: “ही गाडी याच माणसाच्या कारखान्यातली.” सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून त्यांची पहिली मोटार बाहेर पडली आणि पुढे फियाटच्या सहकार्याने जी अकराशेची गाडी तेथे होऊ लागली, तिचेच नाव कालांतराने प्रीमियर पद्मिनी झाले. वडिलांचे वाक्य आम्हा भावंडांना पाठ होते. वडील गेल्यानंतर फाटा आला की कोणीच काही बोलत नसे, आणि ती शांतता अधिक ऐकू येई.

गाडी दारात उभी राहिली ती वडिलांच्या आजारपणापासून. ते गेल्यावर वाटणीची बोलणी झाली. बारामतीचे कापडाचे दुकान माझ्याकडे, इंदापूरचे धाकट्या भावाकडे, हे सारे एका दुपारी कटुतेवाचून ठरले. गाडीचे मात्र ठरेना. धाकट्याचे म्हणणे होते की चालती आहे तोवर विकावी. आईने मत दिले नाही. तिने एवढेच सांगितले की तिला दहीगावच्या दर्शनाला जायचे आहे आणि ते याच गाडीतून. बॅटरी बदलून, तेल तपासून आम्ही गाडी पुन्हा इंदापूरच्या फेरीला काढली. तिसऱ्या खेपेस निमगाव केतकी ओलांडताना बॉनेटखालून ठोके ऐकू येऊ लागले. टक, टक, टक. वेग वाढवावा तसे तेही धावत.

एका गॅरेजमध्ये दाखवले. तेथील फिटरने दोनदा रेस दिली, मान हलवली आणि निर्णय सांगितला: “इंजिन कामाला आलंय. बिगएंड गेलं. क्रँक काढून घासावा लागेल.” खर्चाचा जो आकडा त्याने काढला, त्यात गाडी विकून वर काही घालावे लागले असते. त्या संध्याकाळी धाकट्याने भंगारवाल्याला फोन केला. मी त्याच्याकडून आठ दिवस मागून घेतले.

इंदापुरात एक वयोवृद्ध मिस्त्री आहेत. या गाड्यांवर त्यांचे आयुष्य गेले. आता गॅरेज मुलगा चालवतो आणि ते खुर्ची टाकून बाहेर बसतात. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून देत नाही. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी प्रश्न विचारले. आवाज थंड इंजिनावर जास्त की गरम झाल्यावर? चढाला वाढतो का? तेलाचा लाल दिवा लागतो का? गाडी किती महिने उभी होती? आमच्या उत्तरांतून त्यांना हवे ते मिळाले असावे, कारण चढाला आवाज वाढत नाही हे ऐकून त्यांनी चहा मागवला.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे, कारण सारे प्रकरण त्यावरच उभे आहे. पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे. प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह: एक इंधन आणि हवा आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. त्यांना उघडणारा कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅम फिरला की टॅपेट उचलतो, टॅपेट लांब पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलतो, आणि ढेकीसारखे रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्ह दाबते. या साखळीत रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये केसाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो. तोच हा ठोका.

परंतु ठोका तर बिगएंडचाही असतो, मग भेद कसा करायचा? क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी होते. स्लोवर इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्या घेत असेल, तर एकेक व्हॉल्व्ह चारशे वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे सात ठोके. बिगएंडचा ठोका क्रँकच्या फेरीबरोबर, म्हणजे दुप्पट वेगाने येतो. शिवाय तो जड आणि खोल असतो, इंजिनावर ओझे आले की वाढतो. मिस्त्रींनी हे हिशेब केले नाहीत. ते डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, “हा सावकाश चालतोय.” मग त्यांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. एखाद्या सिलिंडरमधील स्फोट थांबला की त्याच्या बेअरिंगवरचा दाब उतरतो आणि बिगएंडचा आवाज दबतो. येथे इंजिन अडखळले, परंतु ठोका जसाच्या तसा राहिला. मग लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. खाली चेंबरपाशी जवळजवळ काही नाही, वर टॅपेट कव्हरवर खणखणीत. त्यांनी पेचकस माझ्या हाती दिला. मीही ऐकले. वैद्याने नाडी आपल्याला दाखवावी, तसे वाटले.

कव्हर उघडून, इंजिन स्लोवर ठेवून त्यांनी फिलर गेजची पातळ पाती एकेका रॉकरखाली सरकवली. पहिला, दुसरा, असे करत सहाव्याखाली पाती जाताच आवाज विझला. काढली की पुन्हा सुरू. दोषी सापडला असे आम्हाला वाटले. परंतु इंजिन बंद करून फट मोजली, तर ती पुस्तकात दिली आहे तेवढीच निघाली!

मिस्त्री गप्प झाले. धाकटा माझ्याकडे पाहू लागला.

वडील गाडीची चोपडी ठेवत असत. दुकानाच्या लाल चोपडीसारखीच, डाव्या बाजूला खर्च, उजव्या बाजूला किलोमीटर आणि झालेले काम. ती गाडीच्या कप्प्यातच होती. धाकट्याने ती सहज चाळायला घेतली. त्याचा पिंड हिशेबनिसाचा, त्याला आकडे पुन्हा पुन्हा आले की खटकते. शेवटच्या वर्षांच्या नोंदींत त्याने बोट ठेवले. “टॅपेट सेट. ६ ढिला.” काही महिन्यांनी पुन्हा, “६ ढिला.” आणि आणखी एकदा. आठांपैकी सात एका दमात वर्ष काढतात आणि सहावा दर वेळी सैल होतो. “दादा, हा फटीचा प्रश्न नाही,” तो म्हणाला, “हा झिजण्याचा आहे.” मिस्त्रींनी चोपडी हातात घेतली, चष्मा वर केला आणि मुलाला रॉकरचा शाफ्ट खोलायला सांगितला.

सहाव्या रॉकरच्या तोंडाला, जेथे तो व्हॉल्व्हवर टेकतो, बोटाच्या नखाला जाणवेल असा खळगा पडला होता. पाती सपाट असते. ती खळग्याच्या काठांवर टेकते आणि खोलगट भाग तिला कळतच नाही. व्हॉल्व्हचे टोक मात्र त्या खळग्यात जाते, म्हणून खरी फट मोजलेल्या फटीहून कितीतरी मोठी. मोजमाप खोटे नव्हते, अपुरे होते. खळगा का पडला, तेही दिसले. रॉकरच्या पोकळ शाफ्टमधून प्रत्येक रॉकरला तेल मिळते. सहाव्याचे भोक गाळाने जवळपास बुजलेले होते. गाडी उभी राहिल्याने उरलेसुरलेही बंद झाले असावे.

खळगा घासून सपाट करता आला असता. मिस्त्रींनी नकार दिला. रॉकरच्या तोंडाचा वरचा थरच तेवढा कडक केलेला असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू काही महिन्यांत पुन्हा झिजतो. दुसरा रॉकर हवा होता. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या, तेव्हा सुटे भाग सहज मिळायचे दिवस सरले आहेत. धाकटा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेला, म्हणजे भंगारवाल्याला फोन करणाराच गेला, आणि जुन्या लोखंडाच्या ढिगातून चार रॉकर घेऊन आला. त्यांतील एकाचे तोंड निर्दोष होते.

टॅपेट बसवताना मिस्त्रींनी नऊचा नियम सांगितला. जो टॅपेट बसवायचा, त्याचा आकडा नवातून वजा करावा. जो आकडा येईल तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना हाती घेतलेला पूर्ण बंद असतो. सहावा बसवायचा तर तिसरा उघडा पाहिजे. आमच्या उतावळेपणाने आम्ही विचारले की फट आणखी कमी करून आवाज अगदीच बंद करता येणार नाही का? त्यांचे उत्तर मला व्यापारातही उपयोगी पडेल असे वाटते. “शेठ, वाजणारा टॅपेट सांगून खर्च करवतो. गप्प बसलेला न सांगता व्हॉल्व्ह जाळतो.” फट उरली नाही तर तापलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर नीट बसत नाही, आणि बैठकीवर बसूनच तो आपली उष्णता खाली सोडत असतो. मग त्याची कड जळते, दाब निसटतो, गाडी ओढेनाशी होते, आणि या सर्व काळात कानाला मात्र सारे आलबेल.

मजुरी त्यांनी जी घेतली, ती गॅरेजच्या अंदाजाच्या जवळपासही नव्हती. जुना रॉकर कागदात गुंडाळून परत दिला.

पुढच्या आठवड्यात आई मागच्या सीटवर बसली. सूर्यास्तापूर्वी परतून जेवायचे म्हणून आम्ही पहाटेच निघालो. गाडी धाकट्याने चालवली. बारीक टिकटिक चालू होतीच, आईने एकदाच विचारले, “वाजते ना अजून?” धाकट्याने फटीचे सारे शास्त्र तिला दहीगाव येईपर्यंत समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले.

घरी आल्यावर त्याने चोपडीत वडिलांच्या शेवटच्या नोंदीखाली किलोमीटर लिहिले, खर्च लिहिला आणि पुढे लिहिले: “६ चा रॉकर बदलला. तेलाचे भोक साफ केले. आवाज पाहिजे तेवढा.”