रेषा ओढणाऱ्यांचे ऋण

गरिबी उघड्या डोळ्यांना दिसते. मग ती मोजण्यात कुणी आयुष्य का घालवावे? दादरा-नगर हवेलीत सेलवासचे कारखाने मागे टाकून रांधा गावाच्या बाजूला, वारली-कोकणा आदिवासींच्या पाड्यांकडे जाताना हा प्रश्न माझ्या मनात येतो आणि त्याचे उत्तरही इथेच सापडते.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. रोजचे २२५० उष्मांक पोटात जायचे, तर १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये लागत, शहरात साडेबावीस. पुण्यातच संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या उष्मांकांच्या मोजणीला आव्हान दिले. पण दया, दान आणि भाषणे यांत अडकलेली गरिबी आता वाद घालता येईल अशा आकड्यांत उतरली होती.

पुढे सुरेश तेंडुलकरांनी तोच धागा उचलला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते अनेक वर्षे शिकवत होते. २००९ मध्ये त्यांच्या समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकांशी बांधलेली गाठ सोडवली आणि शिक्षण व औषधपाण्याचा खर्च हिशेबात धरला. जून २०११ मध्ये ते गेले. त्यानंतर काही महिन्यांतच, त्यांच्या पद्धतीने निघालेल्या दिवसाला बत्तीस रुपयांच्या रेषेवरून देशभर संताप उसळला. संताप रास्त होता. एवढ्या पैशांत कुणी माणसासारखे जगू शकत नाही.

पण २०११-१२चे आकडे पाहा. नियोजन आयोगाने ग्रामीण महाराष्ट्राची ९६७ रुपये महिन्याची रेषाच दादरा-नगर हवेलीलाही लावली. महाराष्ट्राच्या खेड्यांत २४.२२ टक्के लोक तिच्याखाली होते, हवेलीच्या खेड्यांत ६२.५९ टक्के. हवेलीच्या शहरी भागात मात्र १५.३८. करसवलतींच्या बळावर कारखाने आले, उत्पादन वाढले. पण भोवतालच्या पाड्यांना त्यातले फार थोडे मिळाले. इतक्या खाली ओढलेल्या रेषेनेही हे लपू दिले नाही.

म्हणून ही मोजणी मला कोरडी वाटत नाही. गावाचे दुःख गावाला ठाऊक असतेच. दिल्लीला ते नाकारता येऊ नये, यासाठी आकडा लागतो. रेषा वर न्या, तिच्यावर भांडा, नवी रेषा ओढा. मोजणे मात्र थांबवू नका आणि सेलवासच्या सरासरीत रांध्याला बुडू देऊ नका.