आधी बियाणं तपासा

मंडळी, मृगाच्या तोंडावर आमच्या खात्याचा माणूस तुमच्या गावात येतो आणि एकच घोषा लावतो, पेरायच्या आधी बियाणाची उगवण तपासा. घरच्या सोयाबीनमधले सरसकट शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवा, ओल टिकू द्या. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजा. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं. कमी भरले तर एकरी बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर ते पेरूच नका. गेली तीस वर्षं मी हेच सांगत आलो.

आज मात्र सोयाबीनवर लिहीत नाही. ज्या घरात पाळणा हललेला नाही त्या घराविषयी लिहितो आहे, आणि त्यातलं पहिलं घर माझंच आहे. मंडळींना विचारूनच लिहायला बसलो. ती म्हणाली, "लिहा. पण स्वतःला सांभाळून घेऊ नका."

निमित्त झालं पुतण्याचं. गेल्या महिन्यात तो एक गुळगुळीत रंगीत कागद घेऊन आला. कागदावर गुटगुटीत बाळाचा फोटो, खाली शहरातल्या दवाखान्याचं नाव आणि "खात्रीशीर अपत्यप्राप्ती" असे ठळक शब्द. लग्नाला चार वर्षं झालेली.

"तात्या, विहिरीखालचा अर्धा एकर गहाण टाकावा म्हणतोय. पैशाची सोय तेवढीच हाय."

मी विचारलं, "तुझी तपासणी झाली का?"

तो खाली बघत म्हणाला, "माझी कशाला? दोष तिच्यात हाय."

मंडळी, तो बोलला पण आवाज माझा होता. पंचवीस वर्षांपूर्वीचा.

माझं लग्न १९९७ साली झालं. दोन वर्षं गेली, तीन गेली. बायकांचं विचारणं सुरू झालं. मग उपास, नवस, गंडे, दोरे. कुणी सांगितलं तो पाला ती उपाशीपोटी वाटून प्यायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईनासं झालं. कुणाच्या बाळाला तिनं उचललं की त्या घरातल्या म्हाताऱ्या लगबगीनं बाळ काढून घ्यायच्या. हे सगळं मला दिसत होतं. आणि माझी आई, जिनं मला शेण-पाणी करून शिकवलं, ती एका रात्री जेवताना म्हणाली, "एका रानात पिकंना, तर माणसानं दुसरं रान बघावं."

मी बीएस्सी ॲग्रीचा पदवीधर. उगवलं नाही तर आधी काय तपासायचं हे गावोगाव शिकवणारा. मी त्या रात्री काही बोललो नाही. भाकरी खाऊन उठलो.

२००१ साली आम्ही एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. दारात थंड हवा, खाली चकचकीत फरशी. पहाटेची एसटी धरायची, दुपारी नंबर लागायचा, रात्री स्टँडवर काढायची. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीण घालून तपासणी झाली. त्यापायी दुभती म्हैस विकली. दोन वर्षांत मला कुणी काही करायला सांगितलं नाही आणि मीही होऊन विचारलं नाही. दवाखान्याला मी दोष देईन, पण अर्धाच. बाकीचा अर्धा माझा. मला तेच सोयीचं होतं.

२००३ च्या उन्हाळ्यात अंगणात मी कुणाच्या तरी बियाणाचे दाणे गोणपाटावर मांडत होतो. ती शेजारी धान्य निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, साऱ्या गावाचं बियाणं तपासता. घरचं कधी तपासणार?"

सहा वर्षांत तिनं केलेली तक्रार ती एवढीच.

तालुक्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर लाकडी बाकं. तिथं आपल्या ओळखीची माणसं भेटतील म्हणून मी इतके दिवस टाळत होतो. बाईंनी तिच्या कागदांची जाड फाईल चाळली, बंद केली आणि मला विचारलं, "तुमचा कागद कुठाय?" दुसऱ्या दिवशी माझी वीर्यतपासणी झाली. त्या वेळच्या मापानं एका मिलिलिटरमध्ये दोन कोटी शुक्रजंतू असायला हवेत. माझे भरले साठ लाख, आणि त्यातलेही बरेच न हलणारे. अंडाशय, गर्भाशय, नळ्या, तिचं सगळं ठीक होतं. रान चांगलं होतं. बियाणं कमी पडत होतं.

बाईंनी मला समजावलं की शुक्रजंतू कमी असणं आणि मर्दपणा यांचा काही संबंध नाही. वृषणाजवळच्या शिरा फुगल्या होत्या, त्याचं लहानसं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं. तंबाखू सोडायला लावली. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. आकडा वाढला, पण पुरता नाही. मग धुतलेले, निवडलेले माझेच शुक्रजंतू बारीक नळीनं तिच्या गर्भाशयात सोडायचे ठरले. याला आययूआय म्हणतात. मी भीतभीत विचारलं, "दुसऱ्याचं तर नाही ना?" बाईंनी नळीवर लिहिलेलं माझं नाव दाखवलं. दोनदा अपयश आलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले. २००५ साली आमची लेक झाली.

आता मनावरचा दगड उतरवतो. दोष माझ्यात होता हे मी आईला कधीच सांगितलं नाही. नात झाली तेव्हा ती म्हणाली, "देवानं सुनंची ओटी भरली." मी हसून मान डोलावली. २०१२ साली आई गेली ती सुनेतच उणं होतं असं धरून. बायकोनंही तिला कधी सांगितलं नाही. माझ्यासाठी गप्प राहिली. वांझ हा शब्द आपण बाईला किती सहज लावतो, पण पुरुषाला लावायला तसा शब्द आपल्या तोंडी नाही. तो नसल्याचा फायदा मी पंधरा वर्षं घेतला.

म्हणून पुतण्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. त्यात माझं शहाणपण थोडं आणि ठेच जास्त आहे.

लग्नानंतर वर्षभर एकत्र राहून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरकडे जावं. बाईचं वय पस्तिसाच्या पुढं असेल तर सहाच महिने वाट पाहावी, कारण वयाबरोबर स्त्रीबीजं घटत जातात. हे दुखणं दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं की जगातल्या सुमारे साडेसतरा टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहातल्या एकाला, आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. आणि कारण पुरुषाकडंही तितकंच असू शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी दोघांनी जावं. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. जो दवाखाना ती न करता बाईला टेबलावर घेतो, तिथून उठावं.

आपण शेतकऱ्यांनी फवारणीचाही विचार करावा. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात, सूत्रकृमींवरचं डीबीसीपी नावाचं औषध बनवणाऱ्या कामगारांच्या ध्यानात आलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना मूल होत नाही. तपासलं तर शुक्रजंतू कमी, काहींचे मुळीच नाहीत. सगळी औषधं तशी नसतात, पण उघड्या अंगानं, तोंड न बांधता फवारू नका. काय फवारता ते डॉक्टरांना सांगा.

दवाखाना निवडताना जवळचा आधी पाहा. या उपचारात एका खेपेनं काही होत नाही. स्त्रीबीज वाढतंय का हे बघायला दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. नळीतल्या बाळाचा उपचार, म्हणजे आयव्हीएफ, करायचा तर आठ-दहा दिवस रोज इंजेक्शन. शहर लांब असलं तर बिलापेक्षा एसटी, मुक्काम आणि बुडालेली मजुरी भारी पडते आणि मग माणूस उपचार अर्धवट सोडतो. आमच्या डॉक्टरीणबाई बाजारच्या दिवशी सोनोग्राफी ठेवायच्या. लोकांच्या नजरेची भीती बोलून दाखवली तेव्हा संध्याकाळी, गर्दी सरल्यावर बोलवायच्या. नर्स आमच्याच बाजूची, हिच्याशी मन मोकळं करून बोलायची. दोन अपयशांनंतर आम्ही टिकलो ते त्यामुळं.

पण जवळचा म्हणून डोळे झाकून विश्वास नको. २०२१ च्या कायद्यानं अशा दवाखान्यांना नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं हवं. त्यातही दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीच्या दवाखान्यात आययूआयपर्यंतचे उपचार होतात. आयव्हीएफ दुसऱ्या पायरीच्याच ठिकाणी. समोरचा कुठल्या पायरीवर आहे ते विचारा. चांगला लहान दवाखाना आपली हद्द ओळखतो आणि वेळेवर पुढं पाठवतो. मोठ्या केंद्रात जायची वेळ आलीच, तर त्यांना विचारा की सोनोग्राफी आणि इंजेक्शनं तालुक्याला घेतली तर चालतील का. पुष्कळदा चालतं.

खर्च, फायदे, धोके आणि यशाची शक्यता आधी समजावून सांगणं दवाखान्याचं कर्तव्य आहे. सगळा खर्च कागदावर मागा, औषधांसकट. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते मराठीतून वाचून घ्या. दुसऱ्या कुणाचं बीज तुमच्या दोघांच्या लेखी संमतीशिवाय वापरता येत नाही. तक्रार ऐकून घ्यायची सोय दवाखान्यात असावी लागते, तीही विचारून ठेवा. आणि "मुलगाच देतो" म्हणणारा भेटला तर तो कायदा मोडतो आहे, हे ओळखून उठा.

"खात्रीशीर" या शब्दापासून जपा. आययूआयला एका खेपेत शंभरातल्या दहा-पंधरा जोडप्यांना यश येतं. आयव्हीएफला जास्त येतं, पण तिथंही पहिल्याच खेपेत निम्म्याहून अधिक जणांच्या हाती काही लागत नाही. शंभर टक्के उगवण लिहिलेली बियाणाची पिशवी तुम्ही घ्याल का? मग इथं का घेता? जमीन गहाण टाकण्याआधी सरकारी दवाखान्यात काय होतं ते पाहा. गोव्यात गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ पासून आयव्हीएफ मोफत सुरू झालं. आपल्याकडंही मुंबईच्या कामा रुग्णालयात सरकारी केंद्र आहे. बाकीच्या बऱ्याच तपासण्या जिल्हा रुग्णालयात होतात.

पुतण्यानं सगळं ऐकून घेतलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, "तात्या, तपासणीत माझ्यात निघालं तर घरात काय सांगू?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते माझ्या मंडळींनी दिलं. चहाचा कप त्याच्या पुढ्यात ठेवत ती म्हणाली, "जे निघंल ते सांग. आणि तिच्यात निघालं तरी तिच्याशेजारी उभं राहून सांग."

सोमवारी तो बायकोला घेऊन तालुक्याला गेला. कागद काय सांगतो ते यायचं आहे. गहाणखत अजून झालेलं नाही.

बंधूंनो, यंदा गोणपाटावर शंभर दाणे मांडाल तेव्हा घरात धान्य निवडत बसलेल्या बाईकडंही एकदा बघा. ती काही बोलणार नाही. आपणच आधी उठावं.